लॉन मोवर सुरू करायला लागलेले ४९ दिवस

दोरी ओढून सुरू करायचं मशीन अचानक गळ्यात पडलं आणि विचारायला कोणी नसलं की माणसाचं काय होतं, ते मी या पावसाळ्यात पाहिलं. तारखा डायरीत होत्या, पावत्या फाइलला होत्या, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, त्यामुळे क्रम सोडून लिहिणं मला जमतही नाही.

मुलुंड पूर्वेला आमची दोन विंगची, ३६ फ्लॅटची सोसायटी आहे. मागच्या बाजूला आरजीचा तुकडा, म्हणजे बिल्डरला मोकळी ठेवणं भागच होतं म्हणून राहिलेली जमीन. तीनेक बॅडमिंटन कोर्टं मावतील एवढी. त्यावर हिरवळ आहे, एक झेंड्याचा खांब आहे आणि दोन बाक आहेत. ही हिरवळ बारा वर्षं एकाच माळीदादांनी राखली. एप्रिलमध्ये ते गुडघ्यांना कंटाळून रत्नागिरीकडे आपल्या गावी कायमचे गेले. उन्हाळाभर कोणाला काही वाटलं नाही, कारण उन्हाळ्यात गवत वाढत नाही. मग २०२५चा पाऊस आला तोच २६ मेला. एरवी मुंबईत त्याची तारीख ११ जून असते. म्हणजे गवताला पंधरा दिवस आगाऊ मिळाले आणि त्याने त्यांचं चीज केलं. जूनच्या मध्यावर बाकांचे पाय दिसेनासे झाले. बी विंगमधल्या वहिनींनी साप पाहिल्याचं लेखी कळवलं. (ती पाण्याची नळी होती, पण पत्र आलं की ते आवक रजिस्टरला चढतंच.)

२२ जून, रविवार. कमिटीची सभा. मी खजिनदार. तीन कोटेशनं मागवली होती. एकाने एका कापणीचे २,८०० रुपये सांगितले, दुसऱ्याने पावसाळ्याचे चार महिने १५,००० आणि तिसरा ‘पाहून सांगतो’ म्हणाला, तो अजून पाहतोय. तेवढ्यात चेअरमनना आठवलं की मीटर रूमच्या मागे आपलं स्वतःचं मशीन आहे. माळीदादा तेच वापरायचे. फाइल काढली तर २०१७ची पावती निघाली, सेकंडहॅन्ड, २२,००० रुपये. मग ठराव झाला. तो तसाच्या तसा देते, कारण पुढचं सगळं या एका वाक्याने माझ्यावर आलं: ‘सोसायटीच्या मालकीचे गवत कापण्याचे यंत्र चालू स्थितीत आहे किंवा कसे याची खजिनदारांनी खातरजमा करावी व त्याकामी रु. २,००० पर्यंतच्या खर्चास ही सभा मान्यता देत आहे.’ सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते म्हणजे मी सोडून सगळ्यांच्या मते.

त्याच संध्याकाळी माळीदादांना फोन लावला. त्यांनी दोन वाक्यांत विषय संपवला. “काही नाही ताई, चोक लावायचा न् दोरी ओढायची. दुसऱ्या हिसक्याला घेतंय.” मी ते कागदावर लिहून घेतलं. एक, चोक. दोन, दोरी. इतकं सोपं काम आणि कोटेशनं कसली मागवतोय आपण, असं वाटलं.

२९ जून. वॉचमन आणि मी मिळून मशीन बाहेर काढलं. चार चाकं, खाली पातं झाकणारा पत्र्याचा घमेल्यासारखा डबा, त्यावर इंजिन, मागे लांब दांडी. झुरळं वेगळी. हस्तपुस्तिका नव्हतीच. दांडीवर उजव्या हाताला एक काळा खटका होता आणि त्याच्या बाजूला चित्रं. एका ठिकाणी कासव, पुढे ससा आणि सगळ्यात शेवटी दोन उभ्या रेषा न् त्यांच्यामध्ये एक तिरकी. इंग्रजी एनसारखी दिसते. ससा-कासव मला कळले, वेग असणार. पण ती तिरकी रेघ? माझ्या चोविसाच्या मुलीला विचारलं. ती रोज स्कूटर चालवते. तिने विचारलं, “चोक म्हणजे काय?” तिचा दोष नाही. १ एप्रिल २०२०पासून नव्या दुचाक्या बीएस-सहाच्या झाल्या, पेट्रोल मोजून सोडायचं काम त्यांच्यात सेन्सर करतो, चोकच उरला नाही. आम्ही मात्र सकाळी जिन्याखाली स्कूटर आडवी-तिडवी कलवून, चोक ओढून, पन्नास किका मारणारे वडील पाहिलेत. म्हणून अंदाज आला की ती तिरकी रेघ म्हणजे नळीत आडवी होणारी झडप असावी. तसंच निघालं. तुमच्या मशीनवर हे चिन्ह असेल तर तोच चोक.

खटका चोकवर नेला, वॉचमनने दोरी ओढली. दोरी हलेना. जणू आतून कोणी धरून ठेवली होती. त्याने पाय लावून ओढली तर मशीनच चालायला लागलं. वीस मिनिटं हा तमाशा पाहायला सहा माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता. शेवटी ए विंगमधल्या आजोबांनी दांडीला लागून असलेली लोखंडी पट्टी दाखवली. ती दांडीशी दाबून धरली की आतला ब्रेक सुटतो आणि ठिणगी पाडणाऱ्या प्लगला करंट मिळतो. सोडली की इंजिन तिथल्या तिथे बंद, म्हणजे माणूस घसरून पडला तरी पातं थांबतं. सगळ्या मशीनना ती असतेच असं नाही. असेल तर एका हाताने पट्टी धरून दुसऱ्याने दोरी. पट्टी धरल्यावर दोरी मऊ आली, पण इंजिन हूं की चूं करेना. टाकीचं झाकण उघडलं तर तळाशी थोडं पेट्रोल होतं. वास मात्र पेट्रोलचा नव्हता, जुन्या वॉर्निशचा होता. ऑक्टोबरपासून ते तिथेच पडून होतं.

म्हणजे ताजं पेट्रोल आणणं आलं.

५ जुलै, शनिवार. दोन लिटरची पाण्याची बाटली घेऊन पंपावर गेले. पोऱ्याने माझ्याकडे, मग बाटलीकडे पाहिलं आणि मान हलवली. “बाटलीत देत नाय.” मी सोसायटीचं लेटरहेड दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, लेटरहेडमध्ये पण देत नाय.” घरी येऊन नियम शोधला, कारण नियम असल्याशिवाय मला चैन पडत नाही. पेट्रोलियम कायदा १९३४चा आहे. विकण्यासाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात. काच किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नावच नाही. पोऱ्या बरोबर होता.

धातूचा कॅन आणायला मी दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटला गेले. हत्यारं, पाने, पंप, काय वाट्टेल ते तिथे मिळतं. मुलुंडहून स्लो लोकल, मशीद स्टेशनला उतरायचं आणि चालायचं. दुसरा दिवस म्हणजे रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी. शटरं बंद. हे आधी सुचायला हवं होतं. सकाळच्या साबुदाण्याच्या खिचडीवर तेवढं चालून परत आले. मंगळवारी पुन्हा गेले. पाच लिटरचा पत्र्याचा कॅन ६५० रुपये, प्लग १८०, फोर-स्ट्रोक इंजिनचं ऑइल ४२० आणि दुकानदाराने ‘लागेलच’ म्हणून गळ्यात मारलेला कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) क्लीनरचा स्प्रे २९०. सगळ्याचं पक्कं बिल सोसायटीच्या नावाने मागितलं. तिथे घासाघीस केली की कच्चं बिल मिळतं आणि पक्कं हवं असलं की घासाघीस होत नाही. ऑडिटर आठवून मी दुसरा पर्याय घेतला. प्लग घ्यायला जाताना जुना प्लग सोबत न्या. आकडे सांगून चुकीचा मिळतो, नमुना दाखवला की चुकत नाही.

ऑइलचं एक सांगते, कारण मला इथे दोन जणांनी उलटसुलट सांगितलं होतं. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतात. फोर-स्ट्रोकला ऑइलचं वेगळं बूच असतं, त्याच्या झाकणाला मोजपट्टी असते आणि पेट्रोल निव्वळ घालायचं. आमचं दुसऱ्या जातीचं. वेगळं बूच आहे का एवढं पाहा.

१२ जुलै. पत्र्याच्या कॅनमध्ये दोन लिटर, २०७ रुपये, पावतीसकट. जुनं पेट्रोल काढलं, टाकी पुसली, प्लग बदलला. प्लग बदलण्यापूर्वी वॉचमनने पात्यात काही अडकलंय का बघायला मशीन आडवं केलं. चुकीच्या कुशीवर. एअर फिल्टर खाली आला आणि इंजिनातलं ऑइल त्यात उतरलं. फिल्टरचा फोम पिळला तर चहाच्या गाळणीसारखा ठिबकला. मशीन कलवायचंच झालं तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वर आकाशाकडे राहतील असं, आणि त्याआधी प्लगची टोपी काढून. नाहीतर पातं हाताने फिरवताना इंजिन घेऊ शकतं. फोम साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवायला ठेवला. जुलैत मुलुंडला काही वाळवणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. चार दिवस फ्रिजच्या मागे होता.

फोम वाळला, बसवला, चोक, पट्टी, दोरी. तीस हिसके. काही नाही. उजवा खांदा आठवडाभर केस विंचरू देईना. याच दिवसांत माझा धीर सुटला, खरं सांगते. सभेत ‘चालू स्थितीत नाही’ एवढं लिहून द्यायचं ठरवलं होतं. पत्र टाइपही केलं होतं.

पत्र दिलं नाही, कारण स्टेशनजवळ एक मिस्त्री सापडले. सत्तरीकडे आलेले, मूळ साताऱ्याचे. आयुष्य फियाट टॅक्स्यांत गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे तीच फियाट, ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी संपली. तेव्हापासून ते पाण्याचे पंप आणि जनरेटर करतात. “उद्या येतो,” म्हणाले. मिस्त्रींचा उद्या काही दिवसांनी उगवला.

२३ जुलै, बुधवार. ते आले, मशीनभोवती एक फेरी मारली, कार्बोरेटरच्या तळाचा बोल्ट सोडला आणि खालची वाटी काढून माझ्या हातात दिली. वाटीच्या तळाला मधासारखं चिकट पिवळं काहीतरी आणि त्यावर पाण्याचे दोन गोल थेंब. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पडून राहिलं तर हे असं होतं. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या हस्तपुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. पण पंपावर मिळतं ते मिळतं, त्यामुळे लागेल तेवढंच आणायचं आणि महिन्याच्या वर ठेवायचं नाही. मिस्त्रींनी जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रातून, तांब्याची बारीक तार फिरवली, फुंकर मारली, वाटी पुसली. २९० रुपयांच्या स्प्रेकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुन्हा चोक, दोरी. इंजिनाने एकदा ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि गप्प झालं. मग मिस्त्रींनी एअर फिल्टरचं झाकणच काढलं, डावा तळवा कार्बोरेटरच्या तोंडावर घट्ट धरला आणि वॉचमनला म्हणाले, “मार.” दुसऱ्या हिसक्याला इंजिन भडभडून सुरू झालं. तळवा काढला, सहा सेकंद चाललं, बंद. तळवा पेट्रोलने ओला झाला होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“बघितलं का ताई? चोक बसत नाय तुमचा. माझा हात बसला.”

त्यांनी मला वाकून बघायला लावलं. बोटभर रुंदीच्या तोंडात रुपयाहून थोडी लहान पितळी चकती, मधोमध दांडीवर उभी. मी दांडीवरचा खटका चोकवर नेला. चकती फिरली, पाऊण फिरली आणि थांबली. कडेला चंद्रकोरीएवढी फट राहिली. खटका मात्र पार शेवटच्या चित्रावर टेकला होता. म्हणजे महिनाभर मी जो चोक लावत होते, तो दांडीवर लागत होता, कार्बोरेटरमध्ये लागत नव्हता. मधली केबल तिच्या चिमट्यातून अर्धा सेंटिमीटर घसरली होती. एवढंच.

त्या फटीने एवढं काय बिघडतं, ते मला मिस्त्रींनी नाही, आमच्या जुन्या चाळीतल्या स्टोव्हने समजावलं. पितळी पंपाच्या स्टोव्हला आधी काकडा लावून बर्नर तापवायचा, मगच पंप मारायचा. बर्नर थंड असताना पंप मारला तर रॉकेल वाफ न होता पातळच वर येतं आणि भडका उडतो. जळते ती वाफ, थेंब नाही. इंजिनाचंही तसंच, फक्त त्याला काकडा नाही. थंड इंजिनात पेट्रोलची पुरती वाफ होत नाही, अर्धंअधिक थेंब होऊन नळीच्या भिंतीला चिकटतं. मग उपाय काय, तर पेट्रोलच जास्त पाठवायचं, म्हणजे त्यातलं जे थोडं वाफ होईल ते पेटण्यापुरतं पुरेल. चोक तेच करतो. हवेचं तोंड बंद झालं की दट्ट्याची सगळी ओढ पेट्रोलच्या जेटवर पडते. चालत्या इंजिनाला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण पंधरा भाग हवा लागते, सुरू होताना हवा त्याहून पुष्कळ कमी हवी. आमच्या फटीतून ती हवा आत येत राहिली आणि ओढ तिथेच संपली. आणि हो, मुंबईत कुठे आलीय थंडी, हा प्रश्न मलाही पडला होता. पण रात्रभर उभं राहिलेलं लोखंड सव्वीस-सत्तावीस डिग्रीला असलं तरी चालत्या इंजिनाच्या मानाने ते थंडच. इथे चोक लागतो, फक्त तो थोडा वेळ लागतो.

चिमट्याचा स्क्रू गंजून बसला होता. मिस्त्रींनी त्यावर तेल सोडलं आणि म्हणाले, “मुरू दे. उद्या येतो.” मी कॅलेंडरकडे पाहिलं.

त्याच रात्री माळीदादांना पुन्हा फोन केला. चोक पूर्ण बसत नाही म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, “नाहीच बसत. चार वर्षं झाली. मी तोंडाला हात लावायचो ना.” मी विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं? “आता ते काय सांगायचं ताई, ते तर कोणी पण करतं.” जाणत्या माणसाला काम विचारताना त्याच्याकडून वाक्यं घेऊ नका, एकदा समोर करून दाखवायला सांगा. माझे पाच आठवडे यात गेले.

२ ऑगस्ट, शनिवार. मिस्त्री आले. स्क्रू सुटला. खटका चोकवर ठेवून त्यांनी केबलचं आवरण चिमट्यातून मागे ओढलं, चकती पूर्ण मिटेपर्यंत, आणि तिथेच स्क्रू आवळला. मग खटका सशावर नेऊन चकती पूर्ण उघडते ना तेही पाहिलं. हे दुसरं टोक लोक तपासत नाहीत, असं ते म्हणाले. पाच मिनिटांचं काम. पट्टी, चोक, दोरी, पहिल्याच हिसक्याला सुरू. दोन्ही खेपांचे मिळून ७०० रुपये घेतले. पावती द्यायला त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं, म्हणून मी व्हाउचर लिहून त्यावर सही घेतली. ५,०००च्या आत असल्याने रेव्हेन्यू स्टॅम्प लागला नाही.

३ ऑगस्टला मी एकटी खाली उतरले. गर्दी नको होती. सकाळी सातला पाऊस थांबलेला, गवत ओलं. कापायचं नव्हतंच, फक्त स्वतःच्या हाताने सुरू करून बघायचं होतं. चोक, दोरी, दुसऱ्या हिसक्याला इंजिन घुमलं. मला इतका आनंद झाला की मी तशीच ऐकत उभी राहिले. आवाज हळूहळू जड झाला, घसा बसल्यासारखा. मागून काळा धूर यायला लागला. मग आचके दिले आणि बंद. चोक लावलेलाच होता. पुन्हा चोकवरच दहा हिसके मारले, नुसता पेट्रोलचा घमघमाट. प्लग काढला तर चिंब ओला.

यात चूक काय होती ते नीट सांगते, कारण हीच चूक सगळे करतात असं मिस्त्री म्हणाले. सुरू होईपर्यंत चोक हवा. सुरू झालं की इंजिन तापायला लागतं, थेंबांची आपोआप वाफ होते आणि ते जादा पेट्रोल त्याला नको असतं. तरी चोक लावून ठेवला तर ते बुडतं. बुडलेल्या इंजिनाला आणखी चोक म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. पंधरा मिनिटं थांबले, प्लग पुसून बसवला, खटका सशावर, म्हणजे चोक पूर्ण काढून, आणि दोरी. पाचव्या हिसक्याला घेतलं. आधी फटफट, मग सुरळीत.

त्या आठवड्यात रोज सकाळी चहाच्या आधी मी फक्त सुरू करणं आणि बंद करणं एवढंच केलं. शेजारच्या बिल्डिंगमधून एकदा ओरडाही खाल्ला, बरोबरच होता, म्हणून वेळ आठच्या पुढे नेली. हाताला जे बसलं ते असं: पेट्रोलचा कॉक उघडायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं, वाटी भरू द्यायची. खटका चोकवर. पट्टी धरायची. दोरी आधी सावकाश ओढायची, एका जागी ती अडते, तिथपर्यंत. मग एकदम, सरळ रेषेत. हिसका खांद्याने नाही, पाय रोवून कमरेने. दोरी सोडून द्यायची नाही, हातानेच परत न्यायची, नाहीतर तुटते. इंजिनाने घेतलं की मनात दहा अंक, आणि खटका हळूहळू सशाकडे. ढकलताना आवाज डगमगला तर पाऊल मागे, पुन्हा तीन-चार अंक. आमच्या हवेत दहा अंक पुरतात. तासाभराने पुन्हा सुरू करायचं असेल तर चोक लावायचाच नाही, इंजिन अजून गरम असतं. काही मशीनना चोकऐवजी मऊ रबरी बटण असतं, ते दोन-तीनदा दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. त्यांना हे मोजणं लागत नाही.

१० ऑगस्ट, रविवार. आदल्या दिवशी रक्षाबंधन झालं होतं आणि मुलुंडला चक्क ऊन पडलं होतं. सव्वाआठला सुरू केलं. गुडघाभर गवत एकदम कापता येत नाही, इंजिन गुदमरतं. म्हणून आधी वॉचमनने विळ्याने वरचं छाटलं, मी पातं सगळ्यात वर ठेवून एक फेरी मारली आणि मग खाली घेऊन दुसरी. आधी चालत जाऊन दगड, बाटल्यांची झाकणं, मुलांचे दोन टेनिसबॉल उचलले होते. बूट घाला, चप्पल नको. दोन तास दहा मिनिटं लागली. कापलेल्या गवताचा वास पार चौथ्या मजल्यापर्यंत आला, असं मुलगी म्हणाली. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला खांबापर्यंत कोणी चप्पल हातात घेऊन गेलं नाही.

हिशेब. कॅन ६५०, प्लग १८०, ऑइल ४२०, स्प्रे २९०, पेट्रोल २०७, मिस्त्री ७००. एकूण २,४४७. मंजूर होते २,०००. वरच्या ४४७ रुपयांना पुढच्या सभेत कार्योत्तर मंजुरी घ्यावी लागली आणि न वापरलेल्या स्प्रेबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. दिला. स्प्रे सध्या ‘शिल्लक साहित्य’ म्हणून डेडस्टॉकला आहे.

मीटर रूमच्या भिंतीवर मी सगळा क्रम मोठ्या अक्षरात लिहून लावलाय, मराठीत आणि हिंदीत. शेवटी लाल शाईने: काम झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, वाटीत पेट्रोल ठेवू नये. सप्टेंबरपासून वॉचमनच कापतो, पंधरवड्याला एकदा. मी चौथ्या मजल्यावर असते. खालून दोरीचा आवाज येतो, मग इंजिनाचा, जाडसर, घुमणारा. मी भाजी चिरता चिरता मोजते. बारा, तेरा, चौदा. आवाज बसायला लागतो. मग मी खिडकीतून वाकते आणि ओरडते, “अरे, चोक!”

खाली तो खटका ढकलतो. आवाज मोकळा होतो.